अर्धा कोयता



या पानावर माझी क्रमशः कथा सुरू झाली, तेव्हा पहिले तीन भाग तुम्ही गोडीने वाचले. घाटनांदूरचा राहुल, अकरावीसाठी रोज एस.टी.ने अंबाजोगाईला जाणारा, विहारात वंदना सांगणारा, वडिलांच्या खिशातले पैसे मोजून मगच वही मागणारा. असा पोरगा आपल्या प्रत्येक वस्तीत असतो, म्हणून तुम्हाला तो आपला वाटला. चौथ्या भागात राहुलच्या लक्षात आले की बरोबरच्या पोरांना मुलींविषयी जे वाटते, ते आपल्याला एका मुलाविषयी वाटते. मी एवढेच लिहिले होते. वावगे एक अक्षर नव्हते. पण त्या आठवड्यापासून पत्रांचा सूर बदलला. 'ताई, हे कुटुंबाचे पान आहे.' 'आपल्या समाजात असले काही नसते.' 'आधीच लोक आपल्याला नावे ठेवतात, तुम्ही त्यात भर का घालता?'

गावातही कुजबुज झाली. राहुल नावाची चार-पाच पोरे आमच्याच वस्तीत आहेत. एका राहुलची आई अंगणवाडीत येऊन मला म्हणाली, 'ताई, नाव तरी बदला. माझ्या लेकराकडे लोक बघायलेत.' मला फार वाईट वाटले. राहुल कोणा एकाचे नाव नाही, हे मी तिला समजावले. पण तो राहुल मनातून काढलेला आहे का, याचे खरे उत्तर मी कोणालाच दिले नव्हते. ते आज देते. ज्या दोन माणसांचे हे दुःख आहे, त्या दोघांनाही विचारूनच लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ. आमचे घर ऊसतोडीवर चालायचे. दिवाळीच्या सुमारास गाव निम्मे रिकामे व्हायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाला भरायचे. मी दहावीपर्यंत शिकले, कारण भावाने शाळा सोडून आईवडिलांबरोबर तोडीला जायला सुरुवात केली. हे त्याचे माझ्यावरचे ऋण आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळी बांधून डोक्यावर वाहायची. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. म्हणून आमच्याकडे पोराला मिसरूड फुटले की लग्नाची घाई होते. लोक म्हणतात रूढी. रूढी आहेच, पण तिच्यामागे मुकादमाची वहीसुद्धा आहे.

१४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या रात्री वस्तीत कोणी झोपले नाही. माझा भाऊ पहाटेपर्यंत भीमगीते म्हणत होता. त्याचा आवाज चांगला होता. सोळा वर्षे मराठवाड्यातल्या आपल्या माणसांनी एका नावासाठी घरेदारे जळताना पाहिली होती, जीव दिले होते. त्या रात्री आम्हाला वाटले, आता काही मिळवायचे राहिले नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात वडिलांनी त्याची सोयरीक ठरवली. ठरवली म्हणजे मुलगी मीच पाहून आले होते. लग्नाच्या आधी एका संध्याकाळी तो मला स्टेशनवर घेऊन गेला. गाडी निघून गेली होती, फलाटावर कोणी नव्हते. तो म्हणाला, 'आक्का, मला लगीन नको. बाईमाणसात माझं मन लागत न्हाई. माझं मन दुसरीकडंच जातंय.' पुढे तो जे बोलला ते मला समजले. समजले नाही असे नाही. पण मी म्हणाले, 'लग्न झालं की लागंल मन. बाची उचल ठरलीय, येड्यासारखं करू नको.'

तो पुन्हा काही बोलला नाही. लग्न बौद्ध पद्धतीने झाले, पांढऱ्या साडीत, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे, त्रिसरण-पंचशील घेऊन. आमचा अर्धा कोयता पूर्ण झाला.

दोन हंगाम त्या पोरीने मोळ्या वाहिल्या. कोपीत संसार केला. मूल होईना, तेव्हा माझ्या आईने तिला वांझ म्हटले, आणि मी ऐकून घेतले. तिसऱ्या हंगामाच्या आधी ती माहेरी गेली, ती आलीच नाही. भाऊ पुण्याकडे कामाला गेला. तोही राहायला म्हणून परत आला नाही. दर महिन्याला पैसे तेवढे येत राहिले.

त्याच्या लग्नाच्या चार वर्षे आधी, १९९० साली, जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीतून समलिंगी असणे काढून टाकले होते. पुरुषाला पुरुषाविषयी किंवा बाईला बाईविषयी ओढ वाटणे हा रोग नाही, हे जगातल्या वैद्यांनी मान्य केले होते. आम्ही मात्र लग्न हे त्यावरचे औषध समजलो, आणि ते औषध एका परक्या पोरीच्या जिवावर दिले.

हे ओझे घेऊन मी लिहायला बसले. अंगणवाडीची रजिस्टरे भरून झाली की रात्री दोन पाने. पण भावाचीच गोष्ट लिहायचा धीर झाला नाही. म्हणून मी पोरगा आजचा घेतला आणि साल घेतले २०१८. ते साल मुद्दाम निवडले. १ जानेवारीला भीमा कोरेगावला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ले झाले, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. माझा राहुल वडिलांचा हात धरून पहिल्यांदा मोर्चात गेला तो त्या दिवशी. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा सैल करणारा निकाल दिला, त्याविरुद्ध २ एप्रिलला भारत बंद झाला. राहुल पत्रके वाटायला लागला, घटना वाचायला लागला. जात लपवून शहरात खोली घेणाऱ्या मामाशी तो भांडतो, म्हणतो, 'लपून मिळालेला मान मान नसतो.' आणि तेच वाक्य रात्री अंथरुणावर त्याला स्वतःला टोचते.

मग आला ६ सप्टेंबर २०१८. इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत घातलेले कलम ३७७, त्यातला दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने घटनाबाह्य ठरवला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत संविधानिक नैतिकतेबद्दल जे सांगितले होते, ती आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते, त्याचा आधार या निकालात घेतला आहे. बहुसंख्यांना काय आवडते त्यावर एखाद्याचा हक्क ठरत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे शिकवायला नको. माझा राहुल एस.टी.त मोबाइलवर ही बातमी वाचतो. जिल्ह्याच्या बातमीत नाही, मोर्चाच्या बातमीत नाही, आणि तरी बाबासाहेबांचे नाव तिथे आहे. तो स्टॉप आला तरी उतरत नाही.

सर्व काही मिळाले असे मात्र नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. पण राहुल आता कायद्याने गुन्हेगार नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

पाचवा भाग पाठवला तेव्हा संपादकांचा फोन आला. माणूस भला. म्हणाले, 'ताई, पानाचा प्रश्न आहे. आयाबाया वाचतात.' त्या दिवसांत माझ्या वाचनात आलेली एक हकिकत मी त्यांना सांगितली. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते त्यात सरळ उत्तरे देत, आणि त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. ज्या विषयाचे ज्ञान लोकांना हवे आहे, त्यावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची बाजू होती. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. येवल्याच्या घोषणेच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. चळवळीचा एवढा भार खांद्यावर असताना बाबासाहेबांनी हा विषय आपला नाही असे म्हटले नाही. संपादक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'पुढचा भाग वेळेवर पाठवा.'

त्यानंतर दुसरी पत्रे येऊ लागली. एकाने विचारले, 'राहुल तृतीयपंथी होणार का?' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. राहुल पुरुष आहे आणि पुरुषच राहणार आहे, फक्त त्याची ओढ पुरुषाकडे आहे. तृतीयपंथी माणसाचे स्वतःचे मन आणि जन्माचे शरीर जुळत नाही. त्यांनाही आपल्या राजकारणात जागा आहे. कवयित्री दिशा पिंकी शेख २०१९ साली वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, हे आपण पाहिले आहे.

एका पत्राखाली नाव नव्हते. अक्षर कोवळे होते. त्यात एवढेच होते, 'ताई, राहुलला मुंबईला पाठवू नका. सगळ्या गोष्टींत आमच्यासारख्याला मुंबईला पाठवतात, नाहीतर मारतात. माझ्याकडे मुंबईला जायला पैसे नाहीत.' खोटे सांगत नाही, मी राहुलला मुंबईलाच पाठवणार होते. ती पाने मी फाडली.

सातव्या भागानंतर भावाचा फोन आला. तो हे साप्ताहिक वाचतो हे मला ठाऊक नव्हते. बराच वेळ पावसापाण्याचे बोलला. शेवटी म्हणाला, 'आक्का, त्या पोराला नीट शिकू दे.' आणि मग, 'तिला भेटलीस का कधी?' मी नाही म्हणाले. तीस वर्षांत मी तिला भेटले नव्हते.

मी गेले. तिने पुढे दुसरा संसार केला, तिला नातवंडे आहेत. माझ्या आईने जिला वांझ म्हटले तिच्या ओसरीवर तीन लेकरे खेळत होती. मी सगळे अंक तिच्यापुढे ठेवले आणि स्टेशनवरची ती संध्याकाळ सांगून टाकली. तिने ऐकून घेतले. नातीकडून दोन भाग वाचून घेतले. मला वाटले, ती मला घराबाहेर काढील. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, 'आक्का, पोराचं दुःख समदं लिवलंत. पर ह्यात ती पोरगी कुठं हाय?'

माझ्याकडे उत्तर नव्हते. सात भागांत राहुल होता, त्याचे वडील होते, मोर्चा होता, न्यायालय होते. ज्या पोरीला त्याच्या गळ्यात बांधायचे ठरत होते, तिला मी एका ओळीत आणून एका ओळीत घालवले होते. १९९४ सालीही आम्ही हेच केले होते.

तिथून कथा फिरली. आठव्या भागात राहुल मुलगी पाहायला जातो आणि तिच्याशी दोन शब्द बोलायला मागतो. तो तिला खरे सांगतो. ती घाबरते, रडते, आणि म्हणते, 'मला बारावी करायची आहे, तुमच्या निमित्तानं माझंबी लगीन टळलं तर बरं.' बाहेर येऊन दोघे मिळून नकार देतात. राहुलला मोर्चात आणि निकालात जे कळले नाही ते तिथे कळते. आपल्यावर अन्याय होतो हे समजणे ही राजकारणाची सुरुवात आहे, आणि आपल्या सुटकेसाठी कोणाच्या डोक्यावर मोळी जाते आहे ते बघणे ही पुढची पायरी आहे.

मला काहीजण विचारतात, 'हे पंचशीलात बसते का?' मी आता उलट विचारते. तिसरे शील कामातल्या मिथ्याचारापासून दूर राहायला सांगते, चौथे खोटे बोलण्यापासून. माझ्या भावाने आपल्या मनातले खरे सांगितले होते. खोटे आम्ही बोललो, एका पोरीशी, तिच्या आईबापांशी, तथागतांच्या प्रतिमेपुढे. शील कोणी मोडले?

म्हणून माता-भगिनींना आणि बांधवांना हात जोडून सांगते. तुमचे लेकरू 'मला लग्न नको' म्हणाले, तर उचल, पाहुणे, लोक हे सगळे बाजूला ठेवून एकदा त्याच्याजवळ बसा. का नको ते विचारा, आणि उत्तर ऐकून उठून जाऊ नका. ते लेकरू अर्धे नाही. त्याला पुरे करायला कोणाची मुलगी लागत नाही.

शेवटचा भाग अजून लिहायचा आहे. राहुल घाटनांदूरलाच राहणार, एवढे ठरले आहे. येत्या बुद्ध पौर्णिमेला भाऊ गावी येतो म्हणाला आहे. विहारात त्याने एक भीमगीत म्हणावे, असे मी त्याला सांगितले. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

जय भीम.