रविवारी सुट्टी घेणारं मैदान

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज गावची रेल्वे १९६९ सालीच बंद पडली, त्यामुळे ल्यूकर्सला उतरून बस धरावी लागते. बसमध्ये पायाशी एक ओलं कुत्रं अंग चोरून बसलं होतं. उतरल्यावर मालकिणीसह तेही माझ्याच वाटेनं निघालं, ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानाकडे.

मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी इथे खेळ नसतो. मैदानालाही विश्रांती हवी, असं इथला जुना रखवालदार टॉम मॉरिस म्हणे. ज्या गवतावर खेळायला मिळावं म्हणून जगभरचे लोक सोडतीत नाव घालतात, तिथे पोरं हुंदडत होती, आज्या फिरत होत्या. गोल्फ म्हटलं की आपल्याला उंच कुंपण आणि वॉचमन आठवतो. मी सवयीनं फाटक शोधत राहिलो.

हे खरं तर गावाचं गायरान. समुद्र आणि शेतं यांमधला नांगराला निरुपयोगी असा वाळूचा पट्टा. अशा जमिनीला इथे ‘लिंक्स’ म्हणतात. पोरं धनुष्यबाण सोडून चेंडू बडवतात म्हणून दुसऱ्या जेम्स राजानं १४५७ मध्ये देशभर गोल्फवर बंदी घातली होती. पुढे १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टननं गावकऱ्यांचा इथे खेळण्याचा हक्क लेखी मान्य केला. त्याच कागदात सशांचाही उल्लेख आहे, आणि सशांनीच पुढे घात केला. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या गावानं ही जमीन हातची घालवली, ती ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेली आणि बिळांनी मैदानाची चाळण झाली. गोल्फवाले आणि ससेवाले वीसेक वर्षं भांडले, कोर्टात आणि मैदानावरही. १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फवेड्या जमीनदारानं जमीन विकत घेतली, तेव्हा कुठे मिटलं. आपल्याकडची बांधाची भांडणं उगाच बदनाम आहेत.

अठरा होलचा आकडाही इथलाच. पूर्वी अकरा होल खेळत जायचं आणि तेच खेळत परतायचं, म्हणजे बावीस. १७६४ मध्ये पहिल्या चारांचे दोन केले, आणि जाऊन-येऊन अठरा झाले. त्या जाण्यायेण्याची खूण अजून आहे: सात ग्रीन (होलभोवतीची कातरलेली हिरवळ) जोडीचे, प्रत्येकावर दोन झेंडे, आणि त्या दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज दरवेळी अठरा!

चौदाव्या होलचा ‘हेल’ बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, काठावरूनच पाहिला. स्विल्कन ओहोळावरच्या दगडी पुलाशी फोटोसाठी रांग होती. मेंढरं पलीकडे न्यायला बांधलेला, चार ढांगांत संपणारा पूल. मीही रांगेत उभा राहिलो. बसमधलं कुत्रं मात्र खालून, पाण्यातूनच पार झालं.