परजीवीचे बारसे

दुसऱ्या सजीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच जिवावर पोसणारा जीव म्हणजे परजीवी. ज्याच्यावर तो पोसतो तो त्याचा पोषक. गोचीड, पिसू, उवा हे अंगावरचे परजीवी. पट्टकृमी, पर्णकृमी, गोलकृमी हे आतडे, यकृत, फुप्फुस यांत राहणारे. आणि रक्तातले एकपेशीय परजीवी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतही नाहीत. धडधाकट रानटी प्राण्यातही यांपैकी काही ना काही असतेच. ते असणे हा आजाराचा पुरावा नव्हे.

पालघर जिल्ह्यातल्या वाणगावच्या पश्चिमेला चिंचणी-तारापूरचा किनारा आहे, पूर्वेला डोंगर आणि जंगल, मधे चिकूच्या वाड्या, मिरचीची शेते आणि भातखाचरे. एवढ्याशा पट्ट्यात समुद्रातली मुशी आणि पाकट, खाचरातला मागूर, बांधावरचे मुंगूस, डोंगरातले रानडुक्कर असे नाना पोषक राहतात आणि प्रत्येकाचा परजीवींचा गोतावळा वेगळा असतो. चिकू पिकला की रात्री वाडीवर मोठी वटवाघळे उतरतात. त्यांच्या केसांत बिनपंखांची, कोळ्यासारख्या लांब पायांची एक माशी राहते. ती माशी असूनही उडत नाही. वटवाघूळ उडते, ती धरून बसते. तिचे शास्त्रीय नाव सायक्लोपोडिया साइक्सिआय. दख्खनचे प्राणी-पक्षी नोंदवणारे कर्नल साइक्स यांच्या स्मरणार्थ वेस्टवूड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात ते ठेवले. म्हणजे या भागातल्या परजीवींना नावे देण्याचे काम जवळपास दोनशे वर्षे चालू आहे, आणि ते अजून सुरुवातीलाच म्हणावे असे आहे. पृष्ठवंशी प्राण्यांत राहणाऱ्या कृमींच्या जाती ७५ हजार ते ३ लाख असाव्यात, असा अंदाज २००८ साली मांडला गेला. त्यातल्या पट्टकृमींच्या आज नाव असलेल्या, मान्य जाती सुमारे पाच हजार आहेत.

येथे शब्दांचा घोळ आधी निस्तरायला हवा. शास्त्रीय मराठीत जाती हा लहान गट आणि प्रजाती हा अनेक जाती पोटात घेणारा मोठा गट. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते तेव्हा बहुतेक वेळा नवी जाती सापडलेली असते. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. नवी प्रजाती स्थापन करणे ही त्याहून मोठी आणि कमी वेळा घडणारी गोष्ट आहे.

रानटी प्राण्यांतल्या कित्येक प्रसिद्ध परजीवींची पहिली ओळख मात्र रानात झाली नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या वाघाच्या जठराच्या भिंतीतून रिचर्ड ओवेन यांनी १८३६ मध्ये डोक्यावर काट्यांच्या रांगा असलेला गोलकृमी वर्णन केला. तो नॅथोस्टोमा स्पिनिजेरम. ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघाच्या फुप्फुसातून केर्बर्ट यांनी १८७८ मध्ये फुप्फुसातला पर्णकृमी वर्णन केला आणि संग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांचे नाव त्याला दिले. हाच पर्णकृमी कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले गोड्या पाण्यातले खेकडे खाण्यातून माणसाच्या फुप्फुसात जातो, हे पुढे कळले. वाघ भारताचा, परजीवी भारताचा, पण त्यांचे वर्णन झाले युरोपात. कारण मेलेला प्राणी उघडून आतला प्रत्येक कृमी जपून ठेवणारी माणसे तेव्हा तिथे होती.

महाराष्ट्राशी जवळचे नाते असलेले उदाहरण सर्रा या रोगाच्या परजीवीचे आहे. १८८० मध्ये डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स यांनी घोडे आणि उंट यांच्या रक्तात वळवळणारे एकपेशीय जीव पाहिले. १८८५ मध्ये ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांत तसेच जीव जॉन हेन्री स्टील यांना आढळले आणि त्यांनी त्यांना इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. स्टील यांनी हा जीव मळसूत्री जिवाणूंच्या गटात घातला होता, ते चुकले. १८८८ मध्ये बाल्बियानी यांनी तो ट्रिपॅनोसोमा प्रजातीत नेला. म्हणून आज त्याचे नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी असे लिहितात आणि त्यापुढे स्टील यांचे नाव व साल कंसात येते. नाव देणाऱ्याने ज्या प्रजातीत जाती ठेवली तिथून ती हलली, एवढाच त्या कंसाचा अर्थ. नाव देणाऱ्याची चूक त्यात उघड राहते आणि त्याचा मानही कायम राहतो. प्राणिशास्त्राच्या नियमांतला हा फार न्याय्य भाग आहे.

गोमाशीच्या चाव्यातून पसरणारा हा परजीवी जनावरांचा मानला जात होता. जुलै २००० मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात त्याने डझनभर वाघ मारले. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनी गावच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला, आणि माणसाला या जातीची बाधा झाल्याची पहिली खात्रीची नोंद झाली. त्या रुग्णाच्या रक्तात माणसाला या परजीवीपासून वाचवणारे एक प्रथिन नव्हते, असे पुढच्या तपासात दिसले. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. रक्तात ‘काहीतरी वळवळते’ एवढ्यावर हे औषध सुचले नसते. जाती ओळखता आली, कारण त्याआधी सुमारे एकशेवीस वर्षांपूर्वी तिचे वर्णन करून ठेवलेले होते.

नव्या जातीचे काम नमुन्यापासून सुरू होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित प्राणी मारता येत नाही, आणि मेलेल्या प्राण्याला किंवा त्याच्या अवयवालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. त्यामुळे अभ्यास चालतो तो रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या वनखात्याच्या देखरेखीखालील शवविच्छेदनावर, विष्ठेतल्या अंड्यांवर आणि मासळी उतरते त्या बंदरांवर. सातपाटी किंवा डहाणूला उतरलेल्या मुशीचे आतडे साफ करताना टाकले जाते. पट्टकृमींच्या अभ्यासकाला तेच हवे असते. मुशी-पाकटांच्याही काही जाती आता कायद्याने संरक्षित आहेत, हे त्यालाही पाळावे लागते.

कृमी हाताळण्याची रीत वरवर पाहता किरकोळ वाटते, पण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून असते. प्राणी मेल्यावर काही तासांतच आतड्यातले कृमी सडू लागतात. ताजा कृमी मिठाच्या सौम्य पाण्यात धुऊन जवळजवळ उकळत्या चार टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. उष्णतेने तो क्षणात, सरळ आणि सैल स्थितीत मरतो. थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आखडतो, सुरकुततो, मान आखूड होते, खंड रुंद दिसू लागतात. पुढे तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. डीएनएसाठीचा एक तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधीच तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा काढतात. उरलेला कार्मिनने रंगवून, चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढून, लवंगतेलात पारदर्शक करून कॅनडा बाल्सममध्ये काचपट्टीवर कायमचा बसवतात. मग डोक्यावरचे चूषक, आकडे, वृषणांची संख्या, अंडाशयाचा आकार, जननछिद्राची जागा यांची मोजमापे घेतात, तीही एकाच कृमीची नव्हे तर अनेक कृमींची. शेवटी जगात आजवर वर्णन झालेल्या त्या प्रजातीतल्या प्रत्येक जातीशी तुलना. महिने जातात ते याच कामात.

पोषकाची ओळख तितकीच नेमकी लागते. पाकटांतले बरेच पट्टकृमी एकेका जातीच्या पाकटाशीच बांधलेले असतात. पण ‘पाकट’ हे नाव बाजारात कितीतरी वेगवेगळ्या जातींना सरसकट लावले जाते. ज्या माशातून कृमी काढला त्याचे छायाचित्र आणि मांसाचा तुकडा ठेवला नाही, तर कृमीचे वर्णन कितीही सुबक असो, पोषकाचे नाव ऐकीव राहते.

याच ठिकाणी भारतीय कृमिशास्त्राचे दुखणे आहे आणि ते झाकून चालणार नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात माशांच्या पट्टकृमींच्या नव्या जाती शेकड्यांनी जाहीर झाल्या. मागूर या एका माशातल्या बिनखंडी पट्टकृमींनाच पन्नासहून अधिक नावे मिळाली होती. २०११ मध्ये भारतीय आणि युरोपीय संशोधकांनी भारत, थायलंड, इंडोनेशियातून ताजे नमुने गोळा करून ही नावे एकेक करून तपासली. टिकल्या फक्त आठ जाती. बाकीची नावे आधीच्या जातींचीच दुसरी नावे ठरली किंवा ओळखता येणार नाहीत इतकी अपुरी निघाली.

असे का व्हावे? काही कृमी मेलेल्या, शिळ्या माशांतून काढलेले होते. काही थंड फॉर्मॅलिनमध्ये आखडलेले होते, आणि आखूड मान हेच त्यांच्या ‘नवेपणाचे’ लक्षण ठरले. कृमी वाढतो तशी त्याची मापे बदलतात, अंड्यांनी भरलेला कृमी तरुण कृमीपेक्षा वेगळा दिसतो. तो फरकही जातीचा फरक समजला गेला. एका-दोन नमुन्यांवर वर्णने झाली. आकृत्या एवढ्या ढोबळ होत्या की त्यांवरून कृमी पुन्हा ओळखणे अशक्य होते. आणि सर्वांत गंभीर गोष्ट ही की अनेक वर्णनांतला मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, पुढच्या अभ्यासकाला पाहायला मिळालाच नाही. प्रबंधासाठी नवी जाती मोलाची मानली गेली आणि जुन्या जातीचे चांगले पुनर्वर्णन दुय्यम, हे त्यामागचे खरे कारण आहे. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. पण त्या नावांचा निवाडा करण्यात पुढच्या पिढीची वर्षे गेली, आणि त्या गर्दीत जी खरोखर नवी जाती असेल तिच्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. हे नुकसान मोठे आहे.

अपुऱ्या नमुन्यावरचे प्रत्येक वर्णन टाकाऊच असते असेही नाही. १९२६ मध्ये चँडलर यांनी बंगालमधल्या विष्ठेच्या नमुन्यांत दिसलेल्या केवळ अंड्यांवरून रक्तपर्णकृमीची एक जाती वर्णन केली आणि तिला इन्कॉग्निटम, म्हणजे अज्ञात, असे नाव दिले. १९३३ मध्ये राव आणि अय्यर यांनी मद्रासकडच्या डुकरांत प्रौढ कृमी शोधून त्याला नवे नाव दिले. दोन्ही एकच, हे कळल्यावर जुने नाव टिकले, कारण प्राणिनामांच्या नियमांत अग्रक्रम आधीच्या नावाला असतो. चँडलर यांचे अंड्यांचे वर्णन ओळख पटण्याइतके नेमके होते, म्हणून ते तगले.

डीएनएच्या क्रमवाचनाने यातले बरेच प्रश्न सुटतात. दिसायला सारख्या दोन जाती वेगळ्या निघतात, वेगळ्या भासणाऱ्या दोन एक ठरतात. पण जुने नाव कोणत्या कृमीचे, हे ठरवायला मूळ नमुनाच लागतो, आणि तो नसला तर त्याच ठिकाणच्या, त्याच पोषकातल्या ताज्या नमुन्यावर सगळे पुन्हा उभे करावे लागते. सध्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, १ जानेवारी २००० पासून, नव्या जातीचा होलोटाइप किंवा मूळ नमुन्यांचा संच स्पष्टपणे नेमलाच पाहिजे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाईल हेही सांगितले पाहिजे. भारतात त्याहून पुढे जाऊन जैवविविधता कायदा २००२ चे ३९ वे कलम नवी जाती नेमून दिलेल्या संस्थेला कळवणे आणि तिचा नमुना तिथे जमा करणे बंधनकारक करते. १९१६ मध्ये स्थापन झालेले भारतीय प्राणिसर्वेक्षण हे असे ठिकाण आहे. त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या अभ्यासकालाही ते दूर नाही.

लोकांत या विषयाबद्दल दोन गैरसमज पक्के आहेत. पहिला असा की नवी जाती म्हणजे नव्याने आलेले संकट. नवी जाती शास्त्राला नवी असते. त्या प्राण्यात ती हजारो वर्षे राहत आलेली असू शकते. दुसरा असा की परजीवी म्हणजे सरसकट माणसाला धोका. माशाच्या मांसात दिसणाऱ्या पट्टकृमींच्या बऱ्याच अळ्या मुशी-पाकटात गेल्याशिवाय प्रौढ होत नाहीत, माणसात त्या वाढत नाहीत. काही गोलकृमींच्या अळ्या कच्च्या मासळीतून त्रास देऊ शकतात, पण नीट शिजवलेल्या मासळीत त्या मरतात. धोका कुठे आहे आणि कुठे नाही, हे जाती ओळखूनच सांगता येते. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या संशोधकांना आधी गोचिडींच्या जातीच वेगळ्या कराव्या लागल्या. त्यातून १९६४ मध्ये हिमॅफिसॅलिस क्यासनूरेन्सिस ही नवी जाती वर्णन झाली. २०१६ मध्ये तोच ताप सिंधुदुर्गात पसरला, तेव्हा कोणत्या गोचिडी शोधायच्या हे ठाऊक होते.

वाणगाव-चिंचणीकडच्या घरात मासळी साफ करताना अनोळखी कृमी दिसला, तर फेकण्याआधी तो कडकडीत गरम पाण्यात टाकावा आणि मग स्पिरिटच्या लहान बाटलीत ठेवावा. ज्या माशातून निघाला त्याचे अख्खे छायाचित्र घ्यावे. रानात मेलेल्या प्राण्याला मात्र हात लावू नये, वनखात्याला कळवावे. बाटलीच्या आत तारीख, गाव आणि माशाचे नाव लिहिलेली चिठ्ठी घालून बाटली जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पोचवावी. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.