उघडे खाते आणि मिटलेले तोंड

उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या आपल्या मुलांकडे आजवर गुणपत्रिका, भाषेचे प्रमाणपत्र आणि पैशाच्या तजविजीचा पुरावा मागितला जाई. आता त्यांचे शब्दही तपासले जात आहेत. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ही खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगण्यात आले.

माझ्या नागपूरच्या भाचीला त्याच वर्षी तिकडे प्रवेश मिळाला होता. तिने फोनवर विचारले, "मामा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो काढून टाकू का? आणि रोहित वेमुलावर लिहिलेलं?"

तिची भीती केवळ व्हिसा अधिकाऱ्याची नव्हती. खाते खुले झाले की ते वर्गमित्र पाहतात, सोबत राहणाऱ्या मुली पाहतात, उद्याचा वरिष्ठही पाहतो. आडनावावरून जात हुडकणाऱ्या समाजातून आलेल्या मुलीने आपली ओळख कोणाला, केव्हा सांगावी, हा निर्णय तिचा असतो. तो तिच्या हातून काढून घेतला जातो.

आम्ही राहतो त्या जर्मनीत विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र लागते, बँकेच्या गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे मात्र अर्जात विचारली जात नाहीत. गेस्टापो आणि श्टाझी यांची पाळत सोसलेला हा देश आहे. जनगणनेच्या प्रकरणात १५ डिसेंबर १९८३ रोजी येथील घटना न्यायालयाने निर्णय दिला. आपल्याविषयी कोण काय जाणतो हे ज्याला ठाऊक नसते, तो माणूस आपले हक्क बजावण्यास कचरतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

१९२१ मध्ये बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाला स्वहस्ते जर्मन भाषेत पत्र लिहिले होते. स्वतःची ओळख त्यांनी स्वतःच्या शब्दांत करून दिली होती. आपल्या मुलांनाही तेवढेच हवे आहे.

मी भाचीला म्हटले, अर्जात एकही खाते लपवू नकोस. खोटी माहिती नंतर अंगाशी येते. घरचा पत्ता, फोन क्रमांक, धाकट्या भावंडांचे फोटो अवश्य काढ. जे विचारपूर्वक लिहिलेस, ते ठेवायचे की नाही हे मात्र तूच ठरव, कारण वडिलांच्या डोक्यावरचे शैक्षणिक कर्ज मी फेडणार नाही.

तिने सर्व लेखन ठेवले. व्हिसाही मिळाला. परंतु त्यानंतर तिने एक ओळही लिहिलेली नाही. तपासणीने काही पुसले नाही, तरी पुढचे लिहिणे थांबवले.

सम्यक वाचा म्हणजे असत्य, कठोर आणि निरर्थक बोलण्यापासून दूर राहणे. अन्यायाविषयी मौन पाळणे नव्हे. सावधगिरी शिकवताना आपण घराघरांत मुलांना हा भेदही सांगितला पाहिजे. मूकपणातून बाहेर येण्यासाठी आपल्या मागच्या पिढ्यांनी फार मोठी किंमत मोजली आहे.

जय भीम.