पंचावन्न दिरहमचा चिरूट

आमचे थोरले मामा चुट्टा ओढीत असत. सिगारेट ओढणाऱ्यास ते 'कागद जाळणारा' म्हणत. विडी ही त्यांच्या लेखी शेतात गड्यांबरोबर उभ्या उभ्या ओढावयाची वस्तू होती. चुट्टा मात्र निवांतपणाचा. गोठ्यातील कामे उरकली की ओसरीच्या खांबास टेकून पहिला, दुपारच्या जेवणानंतर दुसरा आणि दिवेलागणीनंतर तिसरा, हा क्रम आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आदिलाबादच्या बाजारात ठरलेल्या दुकानी तो काळसर, दोन्ही तोंडे उघडी असलेला चुट्टा त्या वेळी दोन रुपयांस एक मिळे.

२००६ च्या दिवाळीत आमचे धाकटे बंधू दुबईहून आले, ते मामांसाठी हवाना चिरुटांची पाच नगांची लाकडी पेटी घेऊन. एकेका नगास पंचावन्न दिरहम पडले होते. त्या वेळच्या हिशेबाने पावणेसातशे रुपयांच्या घरात. मामांनी आकडा ऐकला, पेटी मिटली आणि विचारले, "अरे, गड्याची आठवड्याची मजुरी याहून कमी आहे. हे ओढायचं की देव्हाऱ्यात ठेवायचं?"

बंधू हसले. आम्हीही हसलो. पण महागडा चिरूट आपल्या किमतीला उतरतो काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला तो लागलाच. आम्ही स्वतः धूम्रपान करीत नाही, तेव्हा या चौकशीत आमचा स्वार्थ नाही. जिज्ञासा मात्र होती.

चिरुटाचे एक टोक बंद असते, ते कापावे लागते. कापण्याचे साधन बंधूंनी आणले नव्हते, म्हणून मामींचा अडकित्ता कामी आला. मामांनी सावकाश ओढावयास आरंभ केला. चुट्ट्याची राख दर दोन झुरक्यांनी धोतरावर सांडे. याची बोटाच्या पेराएवढी राख जागची हलेना. मामांचे सारे लक्ष त्या राखेकडेच. "धूर मवाळ आहे. पान मुरलेलं दिसतं," एवढेच ते म्हणाले. अर्धा झाल्यावर त्यांनी तो ठेवून दिला आणि कनवटीचा चुट्टा काढला. "तो झाला पाहुण्यांसाठीचा. आता मला माझा ओढू दे."

राखेचे रहस्य आपल्यासारख्या कापूस पिकविणाऱ्यांस चटकन कळण्याजोगे आहे. लांब धाग्याच्या कापसास भाव अधिक आणि आखूड धाग्यास कमी, हे आपण बाजार समितीच्या आवारात वर्षानुवर्षे अनुभवतो. चिरुटाचेही तसेच. उत्तम चिरुटात आतला भर हा टोकापासून टोकापर्यंत अखंड पानांचा असतो, त्यावर बांधणीचे पान आणि सर्वांत वर एक निर्दोष पान; हे सारे हाताने वळलेले. स्वस्त यंत्राच्या चिरुटात पानांचा चुरा भरतात आणि पुष्कळदा वरचे वेष्टनही तंबाखूच्या लगद्यापासून केलेल्या तावाचे असते. अखंड पान सावकाश व सारखे जळते, म्हणून राख धरून राहते. शिवाय चांगले पान ढिगात रचून आंबवितात. ढीग आतून तापतो, पानातील उग्र अमोनिया निघून जातो आणि पुढे ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मुरत ठेवतात. एवढ्या काळाचे व हातकौशल्याचे मोल असणारच. मामांना जाणवलेला मवाळपणा हा भास नव्हता.

मग भास कोठे सुरू होतो? पुढल्या वर्षी बंधू आले तेव्हा त्यांनी दोन प्रकारचे चिरूट आणले: एक तेच हवाना, दुसरे निकाराग्वा देशाचे, किमतीने तिसऱ्या हिश्श्याचे, परंतु तेही अखंड पानांचे व हाताने वळलेले. आम्ही मामांच्या डोळ्यांस पंचा बांधला. चुट्टा त्यांनी ओठांस लावण्यापूर्वीच वासावरून ओळखला. बाकी दोहोंत पुष्कळ वेळ घोळत राहिले आणि अखेरीस निकाराग्वाच्या चिरुटाकडे बोट करून म्हणाले, "हा महागाचा." बंधूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. एका म्हाताऱ्याच्या जिभेवरून सिद्धान्त मांडू नये हे खरे. तरी आमचे मत तेव्हा जे झाले ते आजही तसेच आहे: चुऱ्यापासून अखंड पानापर्यंत जाताना जे पैसे अधिक मोजावे लागतात ते वस्तूचे असतात, आणि त्यापुढचे बहुतांशी नावाचे.

या मताला पुष्टी देणारी गोष्ट पुढे क्यूबातच घडली. 'कोहिबा' या चिरुटाचा जन्म १९६६ चा. आरंभी तो फिडेल कॅस्ट्रो व त्यांच्या परदेशी पाहुण्यांसाठीच वळला जाई आणि १९८२ पासून सर्वसामान्य विक्रीस आला. २०२२ साली या चिरुटाचे भाव सर्व देशांत हाँगकाँगच्या चढ्या भावांच्या पातळीवर नेण्यात आले आणि कित्येक देशांत ते दुपटीहून वर गेले. पान तेच, मुरवण तीच, वळणारे हातही तेच. वाढले ते फक्त घेणाऱ्यांचे औत्सुक्य. आपल्याकडे कापसाचा भाव असा एका फटक्यात दुप्पट झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. असो.

हातांचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोहिबा जेथे वळला जातो त्या हवानातील एल लागितो कारखान्यात आरंभी वळण्याचे काम केवळ स्त्रियांकडे होते. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर निर्मळ आली. २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले तरी आम्ही जुनी माणसे निर्मळ आपलीच समजतो. तेथे घरोघरी सुपात तंबाखू व कापलेली पाने घेऊन बसलेल्या बाया, कात्री आणि दोरा, आणि हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी. पान आमच्याच जंगलातले: सरकारी कागदांत आबनूस, तेलुगूत तुनिकाकू, आपल्या बोलीत टेंभुर्णी. उन्हाळ्यात गोंड-कोलाम कुटुंबे पहाटेच निघून ते तोडतात आणि पन्नास पानांचा एकेक कट्टा बांधून फडावर मोजून देतात. बोटांचे कसब दोन्हीकडे आहे. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना कादंबऱ्या व वर्तमानपत्रे मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा आहे. 'मोंटेक्रिस्टो' हे चिरुटाचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरूनच पडले. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही असे वाचन चाले. निर्मळच्या ओट्यांवर कोणी वाचून दाखविताना आम्ही पाहिले नाही. आपल्या मंडळासारख्यांनी ते कधी मनावर घेतले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

नावाची किंमत किती चंचल असते, याचे एक उदाहरण आपल्या नदीचेच आहे. बासरवरून वाहणारी गोदावरी समुद्राजवळ पोचते तेथे तिच्या पात्रातील गाळाच्या बेटांना 'लंका' म्हणतात आणि त्या लंकांवर चुट्ट्याचा तंबाखू होतो. इंग्रजांनी त्या चिरुटास 'लुंका' म्हटले. कॉनन डॉयलच्या १८९० च्या 'द साइन ऑफ फोर' मध्ये शेरलॉक होम्स ज्यांचा उल्लेख करतो त्यांत हा लुंका आहे आणि तिरुचिरापल्लीचा काळ्या राखेचा चिरूटही. एके काळी लंडनच्या गुप्तहेरास ज्याची राख ओळखता येणे भूषणाचे वाटे, तो चुट्टा आज कोणी पाहुण्यापुढे ठेवीत नाही. मामांना हे सांगितले तेव्हा ते प्रसन्न झाले. "म्हणजे मीच साहेब आणि तुझा भाऊ गावठी," म्हणाले.

उरलेल्या चिरुटांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. चिरुटास हवेत शेकडा पासष्ट ते सत्तर आर्द्रता लागते. कापसात ओल अधिक निघाली की आपला भाव पडतो. चिरुटाची ओल गेली की त्याचा. मामांनी पेटी फडताळात ठेवली होती. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला आणि चिरूट वाळून तडकले, वरचे पान कांद्याच्या सालीसारखे सुटले. मामांनी ते रात्रभर पाण्यात भिजत घातले आणि ते पाणी परसातल्या वांग्यांवर मावा पडला होता त्यावर शिंपडले. मावा गेला. एवढे महाग औषध जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्याही वांग्यास मिळाले नसेल.

२०११ मध्ये मामांच्या गालात आतून एक जखम झाली, ती भरेना. हैदराबादेस नेले. चिरूट-चुट्ट्याचा धूर छातीत ओढला नाही म्हणजे बाधत नाही, असा मामांचा जन्मभराचा समज. पण त्या धुरातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते, आणि तोंडाचा कर्करोग होण्यास धूर गिळावा लागत नाही, हे आम्हांस तेथे कळले. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले: दिवसाकाठी किती, आणि किती वर्षे. बंधू मुद्दाम दुबईहून आले होते. त्यांच्या मनाला लागले होते, म्हणून त्यांनी आपणहून सांगितले की मीही याांना भारी चिरूट आणून देत असे, उत्तमातले. डॉक्टरांनी मान हलविली आणि कागदावर लिहिले: दररोज तीन, पन्नास वर्षे. भारी चिरुटांची नोंद त्यांनी केली नाही.

मामा त्यानंतर चौदा महिने होते. शेवटी शेवटी बोलणे जड जाई. तरी बंधू आले की अडकित्त्याकडे बोट दाखवून हसत. ती लाकडी पेटी मामींनी टाकली नाही. तीत त्या सुया, दोरे आणि बटणे ठेवतात. झाकण उघडले की थोडा वास अजून येतो.