टोपलीतला नाग

श्रावण लागला की आमच्या गावात गारुडी यायचा. टोपलीचं झाकण निघालं की बाया हळदकुंकू टाकायच्या, दुधाची वाटी पुढं करायच्या. नागानं तोंड लावलं की आजी म्हणायची, देव पावला.

देव कसला, तो तहानेनं मरत असायचा. मोटार भरायचं काम करणारा आमच्याकडचा एक सर्पमित्र आहे. तो म्हणाला, "आप्पा, नाग दूध पेत नही, पानी पेस." पंचमीच्या आधी नागाला कित्येक दिवस पाणीच देत नाहीत, मग समोर येईल ते तो पितो. दूध त्याला पचत नाही, श्वासनळीत गेलं तर फुफ्फुस सडतं. पुंगीचं म्हणाल तर तो सूर ऐकून डुलत नाही, हलत्या पुंगीवर नजर ठेवतो.

साप बाळगायला १९७२च्या कायद्यानं बंदी आहे. तरी एका पंचमीला वनखात्यानं आमच्या बाजारातून दोन नाग अन् एक धामण सोडवली. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासली तेव्हा बॅटरी धरायला मी होतो. एका नागाचं तोंड दोऱ्यानं शिवलेलं. बारीक कात्रीनं टाके कापले तर आतून पू आला. दात उपटताना हिरडी फाडलेली. कापसाच्या बोळ्यानं तोंड पुसलं, औषध लावलं, इंजेक्शन दिलं. मला वाटायचं, दात काढला की नाग गरीब झाला. पण विषाच्या दातामागं राखीव दात असतात, ते पुढं येतात. जखम चिघळली तर मात्र त्याला भक्ष्य धरता येत नाही, उपाशी मरतो.

दुसऱ्याच्या डोळ्यांवर जुनी कात चिकटलेली, आंधळ्यासारखा आपटायचा. डॉक्टर म्हणाले, ओढू नका. ओलं गोणपाट टाकून अंधारात ठेवला. पाण्याची परात ठेवली तर तोंड बुडवून किती वेळ पीत राहिला! धामणीच्या अंगावरच्या गोचिड्या चिमट्यानं काढल्या.

तोंड शिवलेला चौथ्या दिवशी गेला.

गारुडी म्हातारा होता. टोपल्या गेल्यावर पोरांना काय खाऊ घालू, असं त्यानं विचारलं. त्यावर कुणीच बोललं नाही, मीही नाही. त्या हंगामात तो कापूस वेचायला आमच्याच शेतात आला. मजुरी रोखीनं घ्यायचा, नागाचं नाव काढायचा नाही.

दुसऱ्या नागाची कात आपोआप सुटली. वनरक्षकानं त्याला अन् धामणीला सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन सोडलं. आमच्या घरी आता भिंतीवर गेरूनं नाग काढतात.