गोधडीचा भाव

आमच्या लहानपणी दसरा जवळ आला, की मुलांचे चित्त शाळेत राहत नसे. हिंगोलीचा दसरा आमच्या भागात मोठा नावाजलेला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. तिचा स्वतंत्र जिल्हा पुढे १९९९ साली झाला. दसऱ्यास घरोघरी नवे कपडे येत. परंतु त्या आनंदात माझ्या मनाला एक सल असे. शेजारची मुले तलम, चकचकीत सदरे घालून मिरवीत आणि माझ्या अंगावर मात्र खादीचा जाडाभरडा सदरा, तोही एकच! वडील शिक्षक होते, मिळकत बेताची. जेवढ्या पैशांत बाजारात दोन सदरे झाले असते, तेवढ्यात ते खादीच्या दुकानातून एकाच सदऱ्याचे कापड आणीत. शिवाय, “सूत कातणाऱ्या बाईला यातले काय मिळते?” असे दुकानदाराला हटकून विचारीत. मला त्या प्रश्नाची फार लाज वाटे.

एका वर्षी मी रुसून बसलो. वडील रागावले नाहीत. त्यांनी मला जवळ बसवून घेतले आणि म्हणाले, “१९३५ सालची गोष्ट. आपला हा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि गांधीजी वर्ध्यास राहत होते. खादी स्वस्त विकली जावी म्हणून सगळ्यांची खटपट चाललेली. पण त्या स्वस्ताईचा भार पडे तो सूत कातणाऱ्या बाईवर. दिवसभर चरखा चालवूनही पोटापुरते पैसे तिच्या हाती येत नसत. गांधीजी म्हणाले, आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळाले पाहिजेत. अखिल भारत चरखा संघाला तेवढे देणे काही झेपले नाही. तरी संघाने कताईचे दर वाढवले. अर्थातच खादी महागली. आता तूच सांग, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली असती तर काय झाले असते?”

“सूत पडून राहिले असते,” मी म्हणालो.

“आणि बाई पुन्हा उपाशी राहिली असती. म्हणून, बाळ, मजुरी वाढवणे एकट्या दुकानदाराच्या हाती नसते. त्यातले अर्धे काम घेणाऱ्याचे असते.”

मी मान डोलावली. परंतु डोलावलेली मान आणि उमगलेली गोष्ट यांत पुष्कळ अंतर असते, हे मला पुढे कळले.

मी नोकरीला लागलो. एकदा नरसीला गेलो होतो. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकरी या गावी श्रद्धेने येतात. त्या गावात एक बाई आपल्या पडवीत दोघी बायांना हाताशी घेऊन गोधड्या शिवीत असे. मी एक गोधडी पसंत केली. बाईंनी नऊशे रुपये सांगितले. मी घासाघीस करून ती साडेसहाशेला मिळवली आणि मोठ्या ऐटीत घरी आणून वडिलांपुढे पसरली. त्यांनी टाक्यांवरून सावकाश हात फिरवला व एवढेच विचारले, “शिवणाऱ्या बायांना किती मिळाले?”

मला उत्तर देता येईना. पुढच्या रविवारी मी पुन्हा नरसी गाठली. बाईंनी कसलाही आडपडदा न ठेवता हिशेब सांगितला. “दोघी बायांचे चार-चार दिवस. सत्तर रुपये रोजाने पाचशे साठ झाले. कापड आणि दोरा एकशे चाळीसचा. माझ्या चार दिवसांचे दोनशे उरायचे होते.”

म्हणजे खर्चच सातशे रुपये झाला होता आणि मी दिले होते साडेसहाशे! “मग बायांना कमी दिले का?” मी भीत भीत विचारले.

“त्यांची मजुरी ठरलेली आहे, भाऊ. ती मी मोडत नाही. तुम्ही कमी केले ते माझ्या वाट्याचे.”

शिंपी कुळात जन्मलेल्या संताच्या गावी जाऊन मी सुईच्या कष्टाची किंमत पाडून आलो होतो! मी अडीचशे रुपये पुढे केले. बाईंनी ते घेतले नाहीत. “झाला तो व्यवहार झाला. पुढच्या खेपेला आधी विचारा, मग भाव करा.” मी दुसरी गोधडी सांगितली आणि तिचे नऊशे रुपये मोजून दिले.

आपल्या संविधानाच्या ४३व्या अनुच्छेदात सर्व कामगारांना निर्वाहापुरते वेतन मिळावे, यासाठी राज्याने झटावे असे म्हटले आहे. आणि त्याच अनुच्छेदात खेड्यांतील कुटिरोद्योगांना चालना देण्याचीही गोष्ट आहे. मला ही सांगड फार अर्थपूर्ण वाटते. खेड्यातला धंदा जगावा आणि त्यात राबणारा माणूसही जगावा. एकाला मारून दुसरा जगू नये.

हा प्रश्न जुना झालेला नाही. आमच्या शेजारी नांदेडला राष्ट्रध्वजासाठी खादी तयार होते. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. आता कोणता ध्वज घ्यावा, हे घेणाऱ्याने ठरवायचे आहे. जे महाग ते सारेच न्यायाचे असते, असे मी म्हणत नाही. चढ्या भावातला पैसा मजुरापर्यंत पोहोचतच नाही, असेही घडते. आणि ज्याच्या खिशात दमडी नाही त्याला मी दोष कसा देऊ? पण ज्याला विचारणे शक्य आहे त्याने विचारावे, आणि जो धंदेवाईक आपल्या माणसांचा घास राखतो त्याच्या पायरीशी पुन्हा जावे. वडिलांनी तेच केले होते. दोन सदऱ्यांच्या जागी एकावर भागवले होते.

आज वडील नाहीत. त्या दोन्ही गोधड्या मात्र घरात आहेत. थंडीच्या रात्री पहिली अंगावर घेतली, की ऊब येते खरी. पण तिच्यातले पन्नास रुपये आणि चार दिवसांचे श्रम माझे नव्हेत, हेही आठवते. मग मी हळूच दुसरी ओढून घेतो.