दीडशे रुपयांची तोफ

सोलापूरची आत्या पुण्याला आली की दोन दिवस पुण्याचं कौतुक मुकाट ऐकून घेते आणि तिसऱ्या दिवशी तिचा बांध फुटतो. या खेपेला निमित्त झालं चहाचं. मी अमृततुल्याचे गोडवे गात होतो, तेवढ्यात कप खाली ठेवून ती म्हणाली, "कसला रे एवढा माज तुम्हा पुणेकरांना? गाढवाचा नांगर फिरला होता तुमच्या गावावर! आणि फिरवणारा आला होता आमच्या शेजारून, विजापूरहून."

टोमणा वर्मी लागला, कारण तो खरा होता. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. जिजाऊंचा सोन्याचा नांगर आपण शाळेत घोकलेला असतो. त्याआधीच्या गाढवांची चौकशी कुणी करत नाही. "एकदा बघून तर येऊ त्याचं गाव," आत्या म्हणाली. पुढच्या महिन्यात आम्ही निघालोसुद्धा.

आत्या गणिताची शिक्षिका. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तिची आखीव वही सुटलेली नाही. वहीत एका दिवसात पाहायच्या अकरा जागा, प्रत्येकीपुढे वेळ. सोलापूर ते विजापूर शंभरेक किलोमीटर, पण आदल्या रात्रीच जाऊन राहायचं ठरलं. स्टँडजवळच्या लॉजवाल्यानं 'चोवीस तास गरम पाणी' अशी पाटी लावली होती. प्रत्यक्षात ते सकाळी साडेपाच ते सहा एवढंच येई, आणि तेही आमच्या मजल्यापर्यंत चढेपर्यंत कोमट होई. आत्यानं वहीत नोंद केली: "चोवीस = अर्धा."

गोल घुमटाशी आम्ही सातलाच हजर. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याचा अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना ती गुडघ्यांना शिव्या देत चढली. वर सज्जात एका सहलीची पोरं आधीच पोचली होती आणि प्रतिध्वनी ऐकायचा म्हणून सगळी एकदम ओरडत होती. पलीकडच्या भिंतीशी कुजबुजलेलं इथं ऐकू येतं म्हणतात. आम्हाला ऐकू आल्या फक्त शिट्ट्या.

गाईड मात्र आवाज चढवून सांगत होता, "जगातला दोन नंबरचा घुमट! पहिला रोमचा!"

"व्यास किती?" आत्यानं विचारलं.

गाईड गप्प. मग मीच सांगितलं. आतून साधारण अडतीस मीटर. रोमच्या पँथिऑनचा त्रेचाळीसच्या वर. फ्लोरेन्सचा त्याहून थोडा मोठाच. म्हणजे दोन नंबर कुठून आला? मला वाटतं, या गोंधळाचं मूळ जेम्स फर्ग्युसनमध्ये आहे.

"कॉलेजवाला?"

"नाही गं, तो गव्हर्नर. हा त्याच नावाचा दुसरा, वास्तुकलेचा इतिहासकार."

या फर्ग्युसननं एकोणिसाव्या शतकात हिशेब मांडला की घुमटाखालची जमीन विजापुरात अठरा हजार चौरस फुटांच्या वर भरते, तर पँथिऑनमध्ये सोळा हजारांच्या आत. आकडे बरोबर आहेत. पण रोमचं दालन गोल, विजापूरचं चौकोनी. चौकोनाचे चार कोपरे धरून फर्ग्युसननं विजापूरला जिंकवलं, आणि गाईडमंडळींनी जमिनीचा मान उचलून घुमटाच्या डोक्यावर ठेवला. मला फर्ग्युसनशी भांडायचं होतं, पण आत्यानं त्याची बाजू घेतली. "अरे, कोपरे धरलेच पाहिजेत. चौकोनावर गोल बसवला, तीच तर यांची करामत आहे." वहीत तिनं एक चौकोन काढला, त्यावर दुसरा तिरका. त्यांच्या रेषांवरून एकमेकींना छेदत आठ कमानी वर जातात, मधे अष्टकोन उरतो आणि त्यावर घुमट विसावतो. मधे एकही खांब नाही. खाली महंमद आदिलशहाची कबर. आमचा मुरार जगदेव याच्याच दरबारातला.

मग वहीप्रमाणे पळापळ सुरू झाली. जामा मशीद: बारा मिनिटं. अर्धवट राहिलेली बारा कमान: आठ. गगन महाल रिक्षातूनच. १६८६ मध्ये शेवटचा आदिलशहा सिकंदर औरंगजेबाला शरण गेला आणि राज्य संपलं, एवढं सांगून होईतो कमान मागं गेलेली. दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी, त्याला मात्र पाऊण तास. "हे सोलापूरसारखंच आहे," आत्या म्हणाली. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

शेर्झा बुरुजावर मात्र वेळापत्रक कोलमडलं.

मलिक-ए-मैदान तोफेचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. फोटोत तिचं तोंड दिसतं. सिंहाचा जबडा आणि त्याच्या दातांत चिरडलेला इवलासा हत्ती. जवळ गेल्यावर नजर अडकते ती कातडीवर. ओतीव धातू इतका गुळगुळीत की माथ्यावरच्या उन्हात त्यात आपली सावली हलताना दिसते. आत्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं. घंटेचा असावा तसा बारीक नाद निघाला. लांबी चौदा फुटांच्या वर, वजन पंचावन्न टन.

आणि ही विजापूरची नव्हेच. १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमी यानं ती आपल्या अहमदनगरात ओतली, निजामशहासाठी. पुढं ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये तिथून विजापूरला ओढून आणली, ती मुरार जगदेवानं! मधे भीमा आडवी, आणि सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरच्या वर वाट. दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते असं सांगतात.

"म्हणजे आधी गाढवं, मग बैल," आत्या म्हणाली. "या माणसाला जनावरं जुंपायचा भारी नाद!"

तुळापूरची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. पुणं नांगरल्यावर दोन-तीन वर्षांनी हाच मुरार जगदेव पुण्याजवळच भीमा-इंद्रायणीच्या संगमावर आला आणि हत्तीच्या वजनाइतकं दान करायचं म्हणाला. हत्ती तोलायचा कसा? परंपरा सांगते, युक्ती शहाजीराजांची: हत्ती नावेत उभा करायचा, पाणी जिथवर आलं तिथं खूण करायची, मग तेवढीच नाव बुडेपर्यंत दगड भरायचे आणि दगड तोलायचे. नागरगावाचं तुळापूर झालं ते यावरून. ज्याची जहागीर जाळली, त्याच्याच अकलेनं पुण्य तोललं! १६३५ च्या सुमारास दरबारातल्या गटबाजीत मुरार स्वतःच मारला गेला.

"आणि तोफेचं काय झालं?"

इंग्रजांनी १८५४ मध्ये ती भंगारात काढली. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. एवढ्यात विकणं एका अधिकाऱ्याच्या जिवावर आलं, म्हणून ती वाचली. आत्यानं लगेच भागाकार केला. "रुपयाला तीनशे सहासष्ट किलो." मग ती बुरुजाच्या कठड्यावर बसली आणि तासभर उठलीच नाही. इब्राहीम रोजाचे सज्जे आणि जाळ्या आम्ही त्यामुळं जेमतेम वीस मिनिटांत उरकल्या. जाणकार मला क्षमा करणार नाहीत.

उरलेल्या जागा आत्यानं खोडल्या आणि रिक्षावाल्यानं आम्हाला गावाबाहेर साठ कबरीकडं नेलं. शेतांमागं एका चौथऱ्यावर सारख्या घडणीच्या, एकसारख्या दगडी कबरी, रांगांत. अफजलखानानं शिवाजीराजांवर निघण्यापूर्वी आपल्या बायका मारल्या, कारण ज्योतिष्यानं त्याचं मरण सांगितलं होतं, अशी इथली कथा. प्रतापगडाचा पोवाडा आपण खानाच्या तंबूपासून सुरू करतो. तो इथून सुरू करायचं कुणाला सुचत नाही. मी कथेच्या खरेखोटेपणाबद्दल काहीतरी बोलू लागलो, तर आत्या म्हणाली, "थांब, मोजू दे." तिनं एकीकडून मोजल्या, मी दुसरीकडून. आकडे जुळले नाहीत. पुन्हा मोजल्या, पुन्हा वेगळे.

"कुणाचेच जुळत न्हाईत, बाई," लांब उभा राहिलेला रिक्षावाला म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तिनं दिवसाचा खर्च मांडला. वीस रुपये लागत नव्हते. एरवी दहा पैशांसाठी रात्र जागवणारी बाई. तिनं वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसली. भीमेच्या पुलावर बस आली तेव्हा मला वाटलं होतं तिला झोप लागली. पण ती हळूच म्हणाली, "पाणी किती असेल रे तेव्हा? बैलांच्या पोटापर्यंत तरी आलं असेल."